गाठीचा तुकडा आणि जनुकावरचा बोजा

आमच्या घरच्या लोखंडी कपाटात, सातबारा आणि पीककर्जाचे कागद ठेवलेल्या पिशवीशेजारी, एका प्लास्टिकच्या पाकिटात मेणाच्या दोन वड्या ठेवलेल्या आहेत. आकाराने त्या पोस्टाच्या मोठ्या तिकिटाएवढ्या आहेत. कडेला पेन्सिलीने क्रमांक लिहिलेला आहे आणि मेणाच्या मधोमध शेवयांच्या तुकड्यांसारखे पांढुरके, बारीक धागे दिसतात. प्रयोगशाळेत याला ब्लॉक म्हणतात. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या डाव्या स्तनातल्या गाठीतून सुईने काढलेले ते तुकडे आहेत. उपचार संपल्यावर ‘हे जपून ठेवा, पुढे लागू शकते’ असे सांगून दवाखान्याने ते आमच्या हवाली केले. केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावात आणखी दोन घरांत अशाच वड्या ठेवलेल्या आहेत, हे मला नंतर कळले.

मी सत्तावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवले, त्यामुळे त्या मेणात काय दडले आहे याची मला थोडीफार जाण आहे. त्या धाग्यांतल्या प्रत्येक पेशीत जाऊबाईंचा डीएनए आहे आणि त्या डीएनएवर रोगाच्या काळात पडलेल्या खुणाही आहेत. या खुणांना अधिजनुकीय किंवा एपिजेनेटिक खुणा म्हणतात. एपिजेनेटिक्स हा शब्द कॉनराड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४२ साली रूढ केला. शेतकऱ्याच्या घरात त्याचा अर्थ समजावणे अवघड जात नाही. सातबाऱ्यावर गट क्रमांक तोच असतो, क्षेत्र तेच असते, मालकाचे नावही तेच असते. परंतु इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा चढला की त्या जमिनीचा व्यवहार अडतो आणि कर्ज फिटून बोजा उतरला की तो मोकळा होतो. जनुकाचेही तसेच आहे. डीएनएची अक्षरे जशीच्या तशी राहतात, पण सायटोसिन या अक्षरावर मिथिल नावाचा छोटा रासायनिक गट येऊन बसतो, आणि जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे गट दाटले की ते जनुक वाचले जाणे थांबते. पेशीची बेसुमार वाढ रोखणारे जनुक अशा रीतीने मुके झाले, तर त्याच्या अक्षरांत कोणताही बिघाड नसतानाही पेशी कर्करोगाच्या वाटेला लागू शकते. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरही खुणा असतात, पण निदानाच्या दृष्टीने सर्वाधिक अभ्यास मिथिलीकरणाचाच झाला आहे, कारण ही खूण टिकाऊ आहे आणि मेणातल्या जुन्या तुकड्यातूनही ती वाचता येते.

स्तनाच्या कर्करोगात हे कसे दिसते याचे सर्वांत बोलके उदाहरण बीआरसीए-१ या जनुकाचे आहे. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये त्याची जागा सतराव्या गुणसूत्रावर दाखवून दिली, आणि आईवडिलांकडून आलेल्या त्याच्या बिघाडामुळे काही घराण्यांत हा रोग पुन्हा पुन्हा का होतो, हे उलगडत गेले. मात्र काही स्त्रियांच्या गाठीत हे जनुक पूर्ण शाबूत असते आणि तरीही मिथिलीकरणामुळे ते बंद पडलेले असते. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट २०२२ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी मांडली. अमेरिकेतील स्त्रियांच्या, रोग होण्याच्या कितीतरी वर्षे आधी घेऊन ठेवलेल्या रक्तात त्यांनी बीआरसीए-१ वरील ही खूण शोधली, तेव्हा ती ज्यांच्यात सापडली त्यांना ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणजे तिन्ही ग्राहक (पेशीवरची, इस्ट्रोजेनसारखे संदेश पकडणारी रिसेप्टर प्रथिने) नसलेल्या, उपचाराला अवघड अशा स्तनकर्करोगाचा धोका इतरांच्या दुपटीहून अधिक होता. भारतात या प्रकाराचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच जास्त आहे. निरनिराळ्या भारतीय अभ्यासांची बेरीज केली तर ते ३० टक्क्यांच्या आसपास जाते. निदानाबरोबरच रोगाची पुढची चाल सांगण्यासाठीही अशा खुणांचा वापर होऊ पाहत आहे. पीआयटीएक्स-२ या जनुकाचे मिथिलीकरण मोजून विशिष्ट केमोथेरपीचा किती उपयोग होईल हे सांगणारी चाचणी युरोपात विक्रीलाही आली, पण जगभरच्या रोजच्या उपचारात तिला अद्याप पक्की जागा मिळालेली नाही.

हे सगळे वाचताना मला मनापासून आनंद होतो, आणि त्याच वेळी एक प्रश्न सुटत नाही. हे विज्ञान विदर्भातल्या खेड्यापर्यंत कोणत्या रूपात यावे, आणि ते येण्यासाठी सरकारी पैसा आधी कुठे खर्च व्हावा? शहरातल्या चर्चेत याची दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक म्हणते, नवी चाचणी आली की जुन्या अडचणी आपोआप मागे पडतील. दुसरे म्हणते, जिथे साधी तपासणी होत नाही तिथे जनुकांच्या गोष्टी कशाला. मला दोन्ही मान्य नाहीत. माझे म्हणणे असे आहे की, आपल्या बाईच्या छातीला गाठ लागल्यापासून तिच्या हाती खात्रीचा अहवाल येईपर्यंतचा काळ जी चाचणी कमी करील, तिच्यासाठी आपण आग्रह धरला पाहिजे. आणि अशी कोणतीही चाचणी, मग ती कितीही आधुनिक असो, ज्या साध्या कामांवर उभी राहते ती कामे जिल्हा आणि तालुका पातळीवर आजपासून सुरू झाली पाहिजेत.

आकडे पाहिले की याची निकड लक्षात येते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. देशातील लोकसंख्या-आधारित कर्करोग नोंदणी केंद्रांच्या माहितीवरून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, रोग स्तनापुरताच असताना निदान झालेल्या शंभरातल्या ८१ स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात असतात. रोग काखेतल्या गाठींपर्यंत किंवा आसपास पोहोचला असेल तर हा आकडा ६५ वर येतो आणि दूरच्या अवयवांत पसरला असेल तर १८ वर. एवढा मोठा फरक आजवरच्या कोणत्याही एका औषधाने पडलेला नाही. तो निदानाच्या वेळेने पडतो. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांनी आयुष्यात एकदा तरी स्तनाची तपासणी करून घेतली होती, त्यांचे देशभरातले प्रमाण होते ०.९ टक्के.

जाऊबाई त्या ०.९ टक्क्यांबाहेरच्या. गाठ त्यांच्या हाताला पोळ्याच्या सुमारास लागली. मला त्यांनी ते महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात, सोळा भाज्या चिरताना, इतर कुणी जवळ नाही असे पाहून सांगितले. मी घाबरले आणि दुसऱ्याच दिवशी निघू म्हणाले, तर त्या म्हणाल्या, “दुखत तं नाही काही, मंग कायले दवाखान्याची पायरी चढाची? येचणी होऊन जाऊ दे.” कापूस वेचणीच्या दिवसांत घरातली कर्ती बाई वावर सोडून जाणार कशी, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मी माझ्या शिकलेपणाचा जोर लावला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. दुखत नाही म्हणून भीती नाही, हा समज इतका खोल आहे की आमच्या भागातल्या कित्येक बायका केवळ त्यापायी महिनोन्‌महिने घालवतात. खरे तर सुरुवातीची कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही.

दिवाळीनंतर आम्ही तालुक्याच्या ठिकाणी एका खासगी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गाठ पाहताच तुकडा काढायला हवा असे सांगितले, तो काढलाही, आणि एका छोट्या डबीत घालून माझ्या भाच्याच्या हाती दिला. त्याने ती डबी रुमालात गुंडाळून एसटीने नागपूरला प्रयोगशाळेत पोहोचवली. आठ दिवसांनी उत्तर आले की तुकडा तपासण्याजोगा राहिलेला नाही. चौकशी केल्यावर कळले की डबीत तुकडा कुजू न देणारे फॉर्मेलिन नव्हते, सलाईन होते. कुणाची तरी घाई झाली असेल, बाटली संपली असेल. दुष्ट हेतू कुणाचाच नव्हता. पण पुन्हा सुई घ्यायला जाऊबाईंचे मन तयार होईना, कारण ‘गाठीला सुई लावली की ती पसरते’ असे त्यांना शेजारणीने सांगितले होते आणि पहिल्या सुईनंतर गाठ मोठी वाटू लागली होती. दुसऱ्या तपासणीसाठी आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. पहिल्यांदा डॉक्टरांना गाठ दाखवली त्या दिवसापासून ग्राहकांच्या तपासणीसह पूर्ण अहवाल हाती येईपर्यंत ७१ दिवस गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्तनकर्करोगासाठी जो आराखडा दिला, त्यात हे काम ६० दिवसांच्या आत व्हावे असे म्हटले आहे. रोग पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात असताना किमान ६० टक्के रुग्णांचे निदान व्हावे आणि किमान ८० टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण व्हावेत, ही त्यातली आणखी दोन उद्दिष्टे.

फॉर्मेलिनच्या या गोष्टीवर मी मुद्दाम थांबते, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. शरीरातून काढलेला तुकडा लगेच कुजू लागतो. तो तासाभराच्या आत योग्य तीव्रतेच्या, आम्लता सांभाळलेल्या फॉर्मेलिनमध्ये गेला पाहिजे आणि किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास त्यात राहिला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो पाळला गेला नाही तर पेशींवरील इस्ट्रोजेन ग्राहक अस्तित्वात असूनही तपासणीत दिसत नाहीत, आणि अहवालात ‘निगेटिव्ह’ असे लिहिले जाते. याचा अर्थ काय होतो ते पाहा. टॅमॉक्सिफेन ही हे ग्राहक अडवणारी जुनी, अत्यंत स्वस्त गोळी आहे. ग्राहक असलेल्या स्त्रीने ती पाच वर्षे घेतली तर पुढच्या पंधरा वर्षांत या रोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो, हे वीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या एकत्रित अभ्यासातून सिद्ध झालेले आहे. म्हणजे काही रुपयांच्या फॉर्मेलिनअभावी एखाद्या बाईला तिच्या हक्काची गोळी कधीच मिळत नाही, आणि तसे घडल्याचे तिला किंवा तिच्या घरच्यांना कळतही नाही.

मिथिलीकरणाची चाचणी याला अपवाद नाही. या चाचणीत डीएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया करतात. त्यामुळे खूण नसलेले सायटोसिन बदलून जाते आणि खूण असलेले तसेच राहते, मग कुठे बोजा आहे आणि कुठे नाही हे वाचता येते. पण ही प्रक्रिया डीएनएचे आणखी तुकडे पाडते. मुळातच साध्या नळाच्या पाण्यात अंदाजाने मिसळलेल्या, आम्ल झालेल्या फॉर्मेलिनमध्ये दिवसेंदिवस पडून राहिलेल्या नमुन्यात वाचण्यासारखे फारसे काही उरत नाही. जगातली सर्वांत महागडी चाचणी आणून ठेवली तरी तिला तपासायला मिळणार तो हाच तुकडा. म्हणून ‘आधी साधे की आधी अद्ययावत’ हा वाद मला निरर्थक वाटतो. तालुक्याच्या दवाखान्यात योग्य फॉर्मेलिनच्या भरलेल्या डब्या असणे, तुकडा कधी काढला आणि कधी डबीत टाकला याची वेळ लिहिणे, आणि ती डबी एसटीत कुणाच्या तरी भाच्याच्या हाती न देता ठरलेल्या व्यवस्थेने जिल्ह्याला पोहोचणे, हे अद्ययावत विज्ञानाचेच काम आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेते. आमच्याकडच्या बाईला छाती उघडी करून दाखवायची लाज वाटते, सुईची भीती वाटते. मग नुसत्या रक्तावरून कर्करोग सांगणारी चाचणी आली तर ती तिच्यासाठी वरदान ठरणार नाही का? गाठीतल्या पेशी मरताना त्यांचा डीएनए रक्तात सुटतो आणि त्यावरच्या मिथिल खुणा ओळखून पन्नासहून अधिक प्रकारचे कर्करोग हेरणारी चाचणी अमेरिकेत तयार झाली आहे. इंग्लंडमध्ये तिची परीक्षा घेण्यासाठी सुमारे १ लाख ४० हजार लोकांना सामील करून घेतले गेले. पण तिच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात चौथ्या टप्प्यातले ९० टक्के कर्करोग पकडले गेले, तर पहिल्या टप्प्यातले जेमतेम १७ टक्के. आणि पहिल्या टप्प्यातल्या स्तनकर्करोगाच्या बाबतीत हाताशी आलेले यश त्याहूनही फार कमी होते, कारण लहान गाठ रक्तात फारच थोडा डीएनए सोडते. नेमकी जी गाठ लवकर सापडायला हवी तीच या जाळ्यातून निसटते. आता कल्पना करा की गावात शिबिर भरले, रक्त घेतले गेले आणि एखाद्या बाईला ‘काही नाही’ असा छापील कागद मिळाला. पुढच्या वर्षी तिच्या हाताला गाठ लागेल तेव्हा ती तोच कागद काढून दाखवील, आणि घरचेही तिला दवाखान्यात नेणार नाहीत. तपासणीच न झालेल्या बाईपेक्षा खोटा दिलासा मिळालेली बाई अधिक धोक्यात असते, असे मला वाटते. हे तंत्र पुढे सुधारेल, शस्त्रक्रियेनंतर शरीरात रोग उरला आहे का हे पाहायला ते उपयोगी पडेल, याविषयी मी आशावादी आहे. परंतु आज गावातल्या निरोगी बायकांच्या शिबिरात त्याला जागा देणे चुकीचे ठरेल.

मग कोणती अधिजनुकीय चाचणी आपण मागावी? माझ्या मते त्याचे उत्तर एका संशोधनात स्पष्ट दिसते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम करणाऱ्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ सरस्वती सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गाठीतून बारीक सुईने ओढून घेतलेल्या पेशींमध्ये दहा जनुकांचे मिथिलीकरण मोजून ती गाठ कर्करोगाची आहे की साधी, हे सुमारे पाच तासांत सांगणारे एक बंद काडतूस, म्हणजे यंत्रात बसवायची सीलबंद डबी, त्यांनी तयार केले. विकसनशील देशांत पॅथॉलॉजिस्ट कमी आहेत, म्हणून कोणत्या बाईचा तुकडा आधी काढायचा हे ठरवायला मदत व्हावी, असा त्यामागचा उघड हेतू होता. हे काडतूस जीनएक्स्पर्ट नावाच्या यंत्रात चालते. क्षयरोगाच्या कार्यक्रमात काम केलेल्या कुणालाही हे यंत्र ठाऊक असेल. आपल्याकडे ते सीबीनॅट या नावाने ओळखले जाते आणि जिल्हा रुग्णालयांत थुंकीचे नमुने तपासण्यासाठी ते आधीपासून बसवलेले आहे. चाचणी अजून प्रायोगिक आहे आणि तिच्या आधारे आज कुणावर उपचार करता येणार नाहीत. तरीही धारणीहून सेमाडोहच्या घाटातून अमरावतीला येणारी, किंवा सिरोंच्याहून तीनशे किलोमीटरच्या वर प्रवास करून नागपूर गाठणारी बाई डोळ्यांसमोर आणली की, सकाळी सुई लावून संध्याकाळच्या गाडीआधी ‘तुम्ही थांबा’ किंवा ‘तुम्ही घरी जा’ असे सांगणाऱ्या साधनाचे मोल कळते. स्तनातल्या बहुतेक गाठी साध्याच असतात. ज्यांना थांबायला हवे त्यांना त्याच दिवशी थांबवणे, हे काम अधिजनुकीय खूण करू शकली तर मी तिचे स्वागत दारात रांगोळी काढून करीन.

त्या अभ्यासात अमेरिका, चीन आणि दक्षिण आफ्रिकेतील स्त्रियांचे नमुने होते. इथे मला या विज्ञानाचा एक विशेष आठवतो, जो आपल्या दृष्टीने निर्णायक आहे. जनुकाची अक्षरे जन्मभर तीच राहतात, पण मिथिल खुणा वयानुसार बदलतात, तंबाखूने बदलतात, आणि मिथिल गट शरीराला पुरवण्यात फोलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व यांचा वाटा असतो. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. तंबाखूचा खर्रा आमच्या भागात घराघरांत आहे. आणि भारतीय स्त्रीला स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा सरासरी दहाएक वर्षे लवकर होतो. अशा स्त्रीच्या पेशीत ‘खूण आहे’ असे म्हणण्याची सीमारेषा बोस्टनमधल्या स्त्रीपेक्षा वेगळी असू शकते, आणि ती कुठे आहे हे आपल्याच स्त्रियांचे नमुने तपासल्याशिवाय कळणार नाही. विदर्भाला असे काम नवे नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. खेड्यातल्या बायका अशा तपासणीला येणारच नाहीत, हा समज त्या एका अभ्यासाने मोडून काढला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत वर्धा जिल्ह्याची कर्करोग नोंदणी चालते. कोणत्या गावात कुणाला रोग झाला, पुढे काय झाले, हे जिथे लिहिले जाते तिथेच खुणांच्या अभ्यासाला अर्थ येतो. नोंदवहीशिवाय जमवलेले नमुने म्हणजे नाव-गाव नसलेली पत्रे.

फवारणीमुळे हा रोग वाढला का, असे मला नेहमी विचारले जाते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्याची आठवण ताजी असलेल्या भागात हा प्रश्न येणारच. आपल्या भागातल्या स्त्रियांबाबत तसे सिद्ध झालेले नाही, आणि ‘एपिजेनेटिक्स’ या शब्दाचा आधार घेऊन ते सिद्ध झाल्यासारखे बोलणे मला योग्य वाटत नाही. पण नमुने आणि नोंदी नीट जपल्या गेल्या तर हा प्रश्न विचारण्याजोगा राहतो आणि कधीतरी त्याचे उत्तर मिळू शकते. या शब्दाचा दुसरा दुरुपयोगही मला अस्वस्थ करतो. ‘तुमच्या खाण्यापिण्याने, तुमच्या ताणाने तुमच्या जनुकांवर खुणा पडल्या’ असे म्हणत रोगाचा दोष बाईच्या पदरात टाकणारी भाषणे मी ऐकली आहेत. उन्हात दिवसभर वेचणी करून रात्री उरलेले खाणाऱ्या बाईला आहाराचा उपदेश करून विज्ञानाची सेवा होत नाही.

रोगाची पुढची चाल सांगणाऱ्या खुणांविषयी मला वेगळी धास्ती आहे, आणि तिच्याविषयी फारसे कुणी लिहीत नाही. शहरातल्या, विमा असलेल्या रुग्णाला ‘रोग परतण्याची शक्यता जास्त आहे’ असे कळले की तिचे उपचार वाढतात. आमच्याकडे तेच वाक्य बाईला न सांगता बाहेर बाकावर बसलेल्या नवऱ्याला किंवा मुलाला सांगितले जाते, आणि घरी परतताना गाडीत हिशेब सुरू होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि त्याने अनेक घरे सावरली, हे मी पाहिले आहे. पण नागपूरला राहणे, खाणे, येणेजाणे, बुडालेली मजुरी आणि बाहेरून करायला सांगितलेल्या तपासण्या यांचा भार घरावरच पडतो. जाऊबाईंच्या वेळी एका नातेवाइकाने माझ्यासमोर विचारले होते की, ‘वाचण्याचा भरवसा किती, ते आधी सांगा, मग वावर विकायचे की नाही ते ठरवू.’ त्यांना मी वाईट माणूस म्हणणार नाही, त्यांच्यावर स्वतःच्या दोन मुलींच्या लग्नाचे कर्ज होते. परंतु अशा घरात भाकीत सांगणारा अहवाल हा बाईवर खर्च करावा की नाही याचा निवाडा ठरू शकतो. म्हणून माझा आग्रह आहे की, ज्या खुणेमुळे उपचारात काही बदल करता येतो, एखादे औषध द्यायचे की टाळायचे हे ठरते, तीच खूण सरकारी व्यवस्थेत आणावी. नुसते भाकीत करणारी खूण संशोधनापुरती ठेवावी. आणि अहवाल समजावून सांगताना ज्या बाईचा तो आहे ती समोर बसलेली असावी.

तोपर्यंत हातात काय आहे? टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, थोडेसे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये, त्याचे निष्कर्ष आले: रोग आधीच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, आणि नव्या खुणांची गरज तिथेच सर्वाधिक आहे. आपल्या आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येक व्यक्तीसाठी जो सी-बॅक नावाचा, आजारांची प्राथमिक चाचपणी करणारा अर्ज भरतात, त्यात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखा स्राव येतो का, आकारात बदल झाला का, हे प्रश्न छापलेलेच आहेत. जाऊबाईंचाही अर्ज भरलेला होता. आशाताईंनी अंगणात उभे राहून, दीरांसमोर, तो प्रश्न विचारला आणि जाऊबाईंनी ‘नाही’ म्हटले. प्रश्न घराच्या आतल्या खोलीत विचारला जावा, होकार मिळाला तर आठवड्याच्या आत उपकेंद्रातल्या ताईंनी तपासावे, आणि त्यांना शंका आली तर जिल्हा रुग्णालयात सुई लागण्याचा दिवस तिथूनच पक्का व्हावा, एवढी साखळी जुळली तर ६० दिवसांचे उद्दिष्ट आमच्या तालुक्यातही गाठता येईल. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून इमारती होतात. त्याच निधीतून जिल्हा रुग्णालयात ग्राहकांच्या तपासणीची सोय, दोन तंत्रज्ञ आणि ब्लॉक जपण्याची एक कोरडी, थंड खोली सहज होऊ शकते.

त्या खोलीत जाऊबाईंच्या वड्या ठेवता आल्या असत्या. त्यांच्या गाठीत इस्ट्रोजेन ग्राहक होते, दुसऱ्या तुकड्यामुळे ते कळले, आणि आज त्या रोज रात्री जेवणानंतर आपली गोळी घेतात. या तुकड्यांचा अभ्यास करायला कुणी मागितले तर द्याल का, असे मी त्यांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “देऊन टाक न. माह्या काय कामाचे आता ते?” मी त्यांची संमती, निदानाची तारीख, वय आणि उपचार एका वहीत लिहून ठेवले आहेत, कारण पेन्सिलीचा क्रमांक पुसट होऊ लागला आहे. तुकडा काढल्यापासून फॉर्मेलिनमध्ये पडेपर्यंत किती वेळ गेला आणि तो त्यात किती तास होता, ही जागा मात्र वहीत कोरी आहे. अहवालावर तसा रकानाच नव्हता. जिल्हा शल्यचिकित्सकांना मी गेल्या महिन्यात जो अर्ज दिला, त्यात तपासणीच्या फॉर्मवर हा एक रकाना वाढवून मागितला आहे.